उजवीकडे बघणारा बगळा

३ जानेवारी, सोमवार

आज पान एकशे बारावर चिरडलेला ढेकूण मिळाला. नुसता ढेकूण नव्हे, शेजारी चिरडणाऱ्याच्या अंगठ्याचा ठसाही होता. म्हणजे तो माणूस वाचता वाचता थांबला, ढेकूण मारला आणि पान उलटून पुढे वाचू लागला. मला दुपारी जेवण गेलं नाही.

दुकानात लागून तीन आठवडे झाले. जुन्या पुस्तकांचा वास छान असतो म्हणणाऱ्यांनी एकदा आमचं पोतं सोडून बघावं. आतापर्यंत सापडलेलं: केस (पुष्कळ), नखं, दुधाचा दात एक, मलमाची पट्टी एक (वापरलेली), नाकातलं वाळलेलं (मोजलं नाही). पानांचे कोपरे थुंकी लावून लावून काळे पडलेले. मी नाकाला रुमाल बांधतो. मालक म्हणाले, "काय रे, दरोडा घालायला आलास का?" आणि स्वतःच हसले. ते स्वतःच्या विनोदाला आधी हसतात, मग इतरांनी हसावं म्हणून थांबतात.

माझं काम असं आहे. एका प्रकाशकाने अभिजात ग्रंथांची एक स्वस्त माला साठेक वर्षं चालवली. त्याच त्या शिशाच्या साच्यांवरून पुन्हा पुन्हा छापली, पण एकाही पुस्तकावर साल घातलं नाही. साल दिसलं की गिऱ्हाईक जुना माल म्हणून नाक मुरडतं, हे कारण. त्यामुळे शेजारी ठेवलेल्या दोन प्रतींपैकी एक आजोबांच्या वेळची आणि दुसरी नातवाच्या वेळची असू शकते, पहिलं पान मात्र दोन्हींचं हुबेहूब. कुठली कधीची ते मी शोधायचं, चिठ्ठीवर लिहायचं, खाली सही करायची आणि चिठ्ठी पुस्तकात ठेवायची.

नोकरी मामांनी लावून दिली. ते दुकानाच्या मागच्या खोलीत बांधणी करतात. माझी शाळा नववीत सुटली, पण शुद्धलेखन चांगलं आहे, एवढ्या एका गोष्टीवर त्यांनी शब्द टाकला. ते मला हाकही तशीच मारतात. "ए शुद्धलेखन, खळीचा डबा दे."

८ जानेवारी, शनिवार

आज मोठी गोष्ट घडली. एक म्हातारे गृहस्थ हिरव्या कापडाची प्रत घेऊन आले. विकायची नव्हती, नुसतं विचारायचं होतं, किती जुनी? मालक खुर्चीतून उठले. ते गिऱ्हाइकासाठी उठत नाहीत.

मालेच्या अगदी पहिल्या वर्षांत पुठ्ठ्याला हिरवं कापड असे आणि त्यावर प्रकाशकाची खूण, एका पायावर उभा असलेला बगळा, दाबून उठवलेली असे, असं मालक ऐकून होते. पाहिली त्यांनीही नव्हती. पुढे खर्च नको म्हणून बगळा काढूनच टाकला. म्हणजे हिरवं कापड आणि बगळा असेल तर पहिली छपाई. जाणकार लोक त्यासाठी जीव टाकतात.

गृहस्थांना घाई होती. छत्री आपटत उभे होते. मी ट्रेसिंग पेपर ठेवून पेन्सिलीने बगळा गिरवून घेतला, पाठ, चोच, मुडपलेला पाय, सगळं. रेघ कुठे हलली नाही. पुठ्ठ्यावर तेलकट डाग होता आणि कुणीतरी बोट पुसलं होतं. गिरवताना माझी करंगळी त्याला लागली. तीनदा साबण लावला.

घरी आल्यावर कागद चिकटवला, या रोजनिशीत नव्हे, कामाच्या नोंदी ठेवतो त्या वहीत. शिसं समोरच्या पानाला लागून घाण होते म्हणून शिशाची बाजू आत ठेवून चिकटवला. कागद पातळ आहे, बगळा छान दिसतो आणि हातही काळे होत नाहीत. असं काही सुचलं की बरं वाटतं.

१३ जानेवारी, गुरुवार

कामाच्या वहीत आतापर्यंत ठरलेले नियम:

मागची पानं आधी बघायची. शेवटी मालेतल्या पुस्तकांची यादी आणि प्रकाशकाचा पत्ता असतो. यादीत जे पुस्तक सगळ्यांत उशिरा निघालं, त्याच्या आधीची ही प्रत असूच शकत नाही. पत्ते तीन आहेत. पुलाजवळचा पहिला, मग बाजारामागचा, मग स्टेशनसमोरचा.

कागदटंचाईच्या वर्षांतला कागद राखट, हातात भुगा होतो. त्याच्या आधीचा, म्हणजे मधल्या काळातला, जाड आणि चांगला. तेव्हा कापड तांबडं.

अगदी पहिल्या छपाईत मागे यादी नाही, पत्ता नाही. मजकूर संपला की पुस्तक संपलं. म्हाताऱ्या गृहस्थांच्या प्रतीवरून हे कळलं.

मालकांनी वही उभ्या उभ्या वाचली. दोनदा वाचली. म्हणाले, "म्हणजे मधली आणि पहिली, आतून सारखीच?"

मी म्हटलं, "हो. साचे तेच, कागद जवळजवळ तोच. फरक फक्त मागच्या पानांचा आणि कापडाचा."

"वा," मालक म्हणाले. "नववी पास का नापास रे तू?"

"परीक्षेला बसलोच नाही."

"बरं झालं. बसला असतास तर कुठेतरी कारकून झाला असतास."

मला रात्रभर आनंद पुरला.

१९ जानेवारी, बुधवार

मालक मधल्या काळातल्या तांबड्या प्रती घेत सुटलेत. या महिन्यात तीसेक झाल्या. त्या कुणी मागत नाही. मी तसं सुचवलं. म्हणाले, "तू चिठ्ठ्या लिही."

आज एका तांबड्या प्रतीत मधाचे डाग होते आणि त्यांत मुंग्या. मेलेल्या, पण ओळीने.

२२ जानेवारी, शनिवार

मामा म्हणाले, "तुझ्या वहीची लक्तरं झालीत. इतक्या कामाची वही अशी ठेवतात का? दे, बांधून देतो." मी दिली. किती दिवस लागतील विचारलं तर म्हणाले, "लग्नाला जायचंय का तुला तिला घेऊन?"

वडील गेले तेव्हा मी सात वर्षांचा होतो. तेव्हापासून घर मामांनी धरलंय. आई म्हणते, "तो होता म्हणून आपण आहोत." तसं बघितलं तर मामांनी माझ्यासाठी आजवर काही केलं नाही असं एकही वर्ष नाही. पण ते आपण होऊन माझ्या कामाची वस्तू मागतात असं पहिल्यांदाच झालं. आईला सांगितलं तर तिने डोळ्याला पदर लावला.

२७ जानेवारी, गुरुवार

मागच्या खोलीत गेलो तर घमेल्यात चहा. काळा, थंड, वर साय आल्यासारखा पापुद्रा, आणि त्यात केसांचा ब्रश बुडवून ठेवलेला.

"हे कोण पितं?"

"मी. ब्रशाने," मामा म्हणाले. मग म्हणाले, "अरे, रंगाला लागतो. कोरी पानं फार पांढरी दिसतात. जा, समोर बस. इकडे खळीने तुझे कपडे खराब होतील."

मामांना माझा स्वभाव ठाऊक आहे. ते हल्ली मला मागे फारसं येऊ देत नाहीत.

३१ जानेवारी, सोमवार

वही मिळाली. इतकी सुंदर वस्तू माझ्याकडे कधी नव्हती. हिरवं कापड, कोपऱ्यांना चामडं, आणि पुठ्ठ्यावर बगळा! तोच, वहीतला, उजवीकडे बघणारा, एकेक पीस मोजून घ्यावं असा.

"मामा, ठसा कुठून आणलात?"

"पितळेवर कोरून घेतला."

"एका वहीसाठी?"

त्यांनी दाभण उचललं. मग म्हणाले, "भाच्यासाठी." आणि दाभणाला दोरा ओवायला लागले. तो काही केल्या ओवला जात नव्हता. मी ओवून दिला. मामांचे डोळे थकलेत.

९ फेब्रुवारी, बुधवार

आज काय लिहू! सात हिरव्या प्रती, एकदम. मालकांना एका बंगल्यातून मिळाल्या. घरातले परदेशी गेले, सगळं मोडीत काढलं म्हणाले.

सातही तपासल्या. मागे यादी नाही. कापड हिरवं. बगळा वहीशी ताडून पाहिला, चोचीपासून पायापर्यंत जुळतो. आणि सगळ्यांत विशेष, एकाही प्रतीत केस नाही, नख नाही, डाग नाही. काठ जुने, जरा पिवळट, पण आत पान न् पान स्वच्छ. जगात इतक्या स्वच्छपणे वाचणारी माणसं आहेत! ती कशी असतील? त्यांच्या घरी जाऊन पायपुसण्यावर उभं राहायची माझी तयारी आहे.

सात चिठ्ठ्या लिहिल्या. 'पहिली छपाई. निःसंशय.' विसर्ग तपासून घेतला.

१६ फेब्रुवारी, बुधवार

त्याच बंगल्यातून आणखी पाच निघाल्या. एकूण बारा. मालक म्हणाले, माळ्यावर राहिल्या होत्या.

संध्याकाळी ग्रंथपालबाई आल्या. त्या सार्वजनिक वाचनालयाच्या प्रमुख आहेत. चष्म्याची दोरी गळ्यात आणि बोलताना समोरच्याच्या हाताकडे बघतात. वाचनालयाच्या संस्थापकाने सुरुवातीला या मालेतली पहिली बारा पुस्तकं दिली होती, त्यावर वाचनालय उभं राहिलं. पुढे गळक्या छपराखाली ती सगळी भिजून गेली. आता लोकांनी वर्गणी काढून तोच संच पुन्हा उभा करायचा ठरवलाय. काचेचं कपाटही करून झालंय.

त्यांनी पुस्तकं कमी आणि माझ्या चिठ्ठ्या जास्त वाचल्या. मालकांना म्हणाल्या, "तुमच्या बोलण्यावर मी एक पान घेतलं नसतं." मालक हसले, थांबले, कुणी हसलं नाही. मग माझ्याकडे वळल्या. "अहो चिठ्ठीवाले, तुम्ही निःसंशय लिहिलंय. मी निःसंशय धरू?"

मला आजवर कुणी अहो म्हटलं नव्हतं. मी म्हणालो, "धरा."

२१ फेब्रुवारी, सोमवार

वाचनालयात जाऊन आलो. कपाटात बारा बगळे रांगेत, सगळे उजवीकडे तोंड करून. काचेवर खाली माझं नाव: 'छपाईकाल निश्चिती' आणि मग नाव. बरोबर लिहिलंय.

२६ फेब्रुवारी, शनिवार

मन ठिकाणावर नाही. नीट क्रमाने लिहितो.

ग्रंथपालबाई दुपारी आल्या. पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक पुस्तक काढलं. वाचनालयाच्या जिन्याखालचं कपाट साफ करताना मिळालं. संस्थापकाच्या संचातलंच असावं असं त्यांना आधी वाटलं. हिरवं कापड, मागे यादी नाही. पण बगळा डावीकडे बघतो.

"आमच्या समितीचं म्हणणं, कपाटातले बारा एकीकडे आणि हा एकटा दुसरीकडे, म्हणजे हा नकली. रद्दीत घाला. मी म्हटलं, आधी चिठ्ठीवाल्यांना विचारू."

मी पुस्तक हातात घेतलं आणि अंगावर काटा आला. ओलीने फुगलेलं. बुरशीचा वास थेट घशात जातो. पुठ्ठ्याच्या सांध्यात कसर जिवंत, हललीसुद्धा. पानांचे कोपरे काळे. कुणीतरी समासात कान कोरलेली काडी पुसली असावी, तसलं काही. मी रुमाल बांधला, वही काढली, बगळा शेजारी धरला. उलटा. निःसंशय उलटा.

"नकली आहे," मी म्हणालो. एका क्षणात म्हणालो. ते घाणेरडं होतं म्हणून म्हणालो, हे आत्ता लिहिताना कळतंय.

बाई थोडा वेळ माझ्या हाताकडे बघत राहिल्या. "बरं. सोमवारी संध्याकाळी रद्दी जाते, त्यात घालते."

मग मला काय झालं कोण जाणे, मी म्हटलं, "सोमवारपर्यंत माझ्याकडे राहू दे?" नकली प्रतीचीही नोंद वहीत असावी म्हणून. दुसरं काही मनात नव्हतं.

मालक गल्ल्यापाशी बसून सगळं ऐकत होते. बाई गेल्यावर म्हणाले, "ते इथेच ठेवून जा."

मी नाही ठेवलं. घरी आणलं. मालकांचं न ऐकण्याची ही पहिलीच वेळ.

२७ फेब्रुवारी, रविवार

पुस्तक गच्चीत उन्हात ठेवलं. आई म्हणाली, "मेलेलं मांजर आणलंयस का?"

नकलीत रेघ कुठे चुकली ते बघायचं होतं. वहीतला ट्रेसिंग पेपर नव्या पात्याने हलकेच सोडवला. पुठ्ठ्यावर ठेवायला लागलो तर शिसं माझ्या बोटाला लागलं. म्हणून शिशाची बाजू वर केली.

बगळा बसला. चोचीवर चोच, पायावर पाय. एक पीस इकडे नाही की तिकडे नाही.

मी कितीतरी वेळ कागद उलटसुलट करत होतो. शिसं वर, डावीकडे. शिसं खाली, उजवीकडे. म्हाताऱ्या गृहस्थांचा बगळा डावीकडे बघत होता. मी कागद पालथा चिकटवला. हात काळे होऊ नयेत म्हणून.

म्हणजे उजवीकडे बघणारा बगळा प्रकाशकाने कधी केलाच नाही. तो फक्त माझ्या वहीत होता. मग बारा पुस्तकांवर कसा आला?

वही मिटली. पुठ्ठ्यावर तो होता. पितळेवर कोरलेला. भाच्यासाठी.

मी न्हाणीघरात जाऊन ओकलो. आईला सांगितलं, बुरशीने.

२८ फेब्रुवारी, सोमवार. सकाळ

दुकान उघडायच्या आधी वाचनालयात गेलो. शिपायाने कपाट उघडून दिलं. जिन्याखालचं पुस्तक कपाटातल्या त्याच नावाच्या प्रतीशेजारी ठेवून पानागणिक ताडलं. साठ वर्षं तेच साचे वापरले की अक्षरं झिजतात, तुटतात. तुटलेलं अक्षर पुन्हा सांधत नाही. पान सत्तेचाळीस, ओळ नववी: बाईंच्या घाणेरड्या प्रतीत अक्षराची शेपटी अखंड. कपाटातल्या स्वच्छ प्रतीत तुटलेली. भिंगाने तीनदा पाहिलं. ही खूण वहीत नव्हती, कारण माझी खात्री झालेली नव्हती. खात्री होऊन ती वहीत आली असती तर तिच्यावरही काही उपाय निघाला असता.

म्हणजे सकाळी साडेआठ वाजता मला सगळं कळलं. मालक तांबड्या प्रती का घेत होते. यादी कुठे गेली. घमेलं. आणि ती स्वच्छ वाचणारी माणसं, ज्यांच्या पायपुसण्यावर मी उभा राहणार होतो, ती म्हणजे मामा. ओला बोळा घेऊन पान पान पुसणारे. मी घाणीची तक्रार करायचो म्हणून त्यांना कळलं असणार, काय काय पुसायचं.

२८ फेब्रुवारी. संध्याकाळ

दुकानात गेलो तो थेट मागच्या खोलीत. मामा खळ घोटत होते. टेबलाखाली टोपलीत कापलेली पानं, पुस्तकांच्या याद्या आणि बाजारामागचा पत्ता. त्या पानांना मामा खळीचे हात पुसत होते. पानं एकमेकांना चिकटून गोळा झाला होता. मी तो उचलून बाहेर काढला. चिकट होता. मी रुमाल घेतला नाही.

"मामा, हे काय?"

मामांनी मालकांना हाक मारली.

मालक आले, बघितलं आणि हसले. थांबले नाहीत, नुसतेच हसत राहिले. "कळलं का एकदाचं? मी म्हटलं, इतका बारीक बघतो, याला कळायला दोन महिने लागतात कसे!"

मी म्हटलं, "बगळा चुकलाय. सगळ्या बारा प्रतींवर. मी कागद पालथा लावला होता."

हे ऐकून मात्र मालकांचं हसू थांबलं. मामांचा हात खळीतच राहिला.

मालक आधी सावरले. "मग त्यात काय? बाईंचा एकटा, आपले बारा. तू चिठ्ठी लिही: डावीकडचा बगळा म्हणजे नक्कल. त्या म्हाताऱ्याची प्रत कुणी पाहिलीये? तुझी वही प्रमाण. उद्यापासून जगात बगळा उजवीकडेच बघतो, संपलं."

"ती खरी आहे. आज संध्याकाळी ती रद्दीत जाणार."

"कसरीने खाल्लेली घाण ती. तुलाच बघवत नव्हती ना?"

हे खरं होतं, आणि ते मालकांच्या तोंडून ऐकताना मला स्वतःचीच अशी शिसारी आली की मी तोंडावर हात धरला.

मालक पुढे झाले, माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्यांच्या हाताला तपकिरीचा वास येतो. "हे बघ, बाई तुझ्या शब्दावर उभी आहे. तू मोडलास तर पहिला खाली कोण पडेल? सही माझी आहे का? मामांची आहे? बारा चिठ्ठ्या, बारा सह्या, तुझ्या. निःसंशय लिहिलंयस. विसर्गासकट."

"मामा, तुम्ही बोला," मी म्हटलं.

मामा खाली बघत म्हणाले, "आईला काय सांगशील?"

एवढंच. मग थोड्या वेळाने, "माझे डोळे चाललेत रे. अजून दोन वर्षं. मग मला कोण काम देणार? तुला कोण देणार?" हे बोलताना ते बोटांवरची खळ सोलत होते. पापुद्रे टोपलीत पडत होते. लहानपणी ते मला तसे सोलून दाखवायचे, साप कात टाकतो तसे, आणि मी हसायचो.

मी वही आणि जिन्याखालचं पुस्तक काखेत मारलं आणि बाहेर पडलो. मालक ओरडले नाहीत. "वही ठेव," एवढंच म्हणाले. वही माझी आहे.

रस्त्यात दोनदा थांबलो. वहीवरचा पुठ्ठा मामांविरुद्धचा पुरावा आहे हे माझ्या लक्षात आलं. तो सोलून टाकावा, आतली पानं तेवढी दाखवावीत, असंही मनात आलं. वाचनालयाच्या पायरीवर बसून नखाने कोपरा उचकटूनही पाहिला. नाही निघाला. मामांची बांधणी आहे.

रद्दीचं पोतं दाराशी उभं होतं. बाई आत होत्या.

मी म्हटलं, "तुमची खरी आहे. माझे बारा खोटे आहेत." आणि जिन्याखालचं पुस्तक टेबलावर ठेवलं, शेजारी वही. कुणी मुद्दाम लावल्यासारखे बगळे समोरासमोर आले, एकमेकांकडे बघत.

बाईंनी चष्मा लावला. कागद पालथा कसा लागला ते मी दाखवलं, शेपटी तुटलेलं अक्षर दाखवलं. खळीचा गोळा खिशात होता, तो काढून ठेवला. त्यांनी अक्षर स्वतः भिंगातून पाहिलं. मग वहीवर बोट ठेवून म्हणाल्या, "हे कुणी बांधलं?"

मी सांगितलं.

"तुमचे कोण?"

तेही सांगितलं.

त्यांनी जिन्याखालचं पुस्तक उचललं आणि त्याच्यावरची कसर तळहाताने झटकली. नुसत्या तळहाताने. मग बारा कोऱ्या चिठ्ठ्या माझ्यापुढे ठेवल्या. "लिहा."

मी लिहिलं, बारा वेळा: 'मधल्या काळातली छपाई. मागची पानं कापलेली. कापड नवं. बगळा उलटा, माझ्या चुकीने.' सही केली. निःसंशय हा शब्द लिहिला नाही. तेरावी चिठ्ठी मी जिन्याखालच्या प्रतीसाठी मागितली. बाई म्हणाल्या, "ही नको. हिला तुमच्या चिठ्ठीची गरज नाही."

काचेवरचं माझं नाव त्यांनी माझ्यादेखत ओल्या फडक्याने पुसलं. रंग कच्चा होता, पसरला. निळी घाण झाली.

५ मार्च, शनिवार

दुकान बंद आहे. दोन दिवसांपूर्वी वाचनालयाची माणसं आणि एक वकील येऊन गेले म्हणे. मालक म्हणतात, त्यांना काही ठाऊक नव्हतं, सगळं बांधणीवाल्याचं आणि त्याच्या भाच्याचं. चौकीतून आम्हां दोघांना बोलावणं आलंय, सोमवारी.

आई माझ्याशी बोलत नाही. ताट ठेवते, हात न लागू देता सरकवते, जसं मी पोत्यातलं पुस्तक आहे.

दुपारी मामा आले. आई म्हणाली, "दादा, आत ये." मला वाटलं, आता ते मला मारतील. मारावं असं वाटत होतं. ते माझ्यासमोर बसले. बोटांना खळ नव्हती. इतके स्वच्छ हात मी त्यांचे कधी पाहिले नव्हते, आणि ते मला बघवेनात.

म्हणाले, "वही वाचनालयातच आहे ना?"

"हो."

"पुठ्ठा उचकटलास म्हणे."

"कोपरा. निघाला नाही."

"निघणार नाही." आई दारात उभी होती. मग त्यांनी हळूच विचारलं, "बाई काही म्हणाल्या का? काम कसं झालंय, वगैरे?"

मला किळस आली. त्यांची आली, त्या स्वच्छ हातांची, आईने पुढे केलेल्या पाण्याच्या भांड्याची, आणि सगळ्यांत जास्त याची की मी गेल्या सोमवारी टेबलावर दोन बगळे शेजारी पाहिले तेव्हा हेच पाहिलं होतं. खरा ठसा उथळ आहे, पीस न् पीस एकमेकांत गेलेलं. मामांचा सुबक आहे. मी ते बाईंना सांगितलं नव्हतं.

"काही म्हणाल्या नाहीत," मी म्हणालो. आणि मग, ते उठायला लागले तेव्हा, "पण खऱ्यापेक्षा चांगला झालाय, मामा."

त्यांनी मान हलवली. दाराशी जाऊन चपला शोधू लागले. पायाने चाचपत होते, समोर होत्या तरी. मी उठलो आणि चपला उचलून त्यांच्या पायांशी नीट लावल्या, डावी डावीकडे, उजवी उजवीकडे. मग हात धुवायला गेलो नाही.